विद्यार्थ्याची चिप

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला पोचलेल्या विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न ठरलेला असतो : प्रकल्पासाठी विषय कोणता घ्यावा? अ‍ॅनालॉग चिपच्या आरेखनाकडे वळलेल्याला हा प्रश्न जरा अधिकच छळतो. डिजिटलकडे गेलेल्या त्याच्या मित्रापाशी निदान प्रोसेसर किंवा रोबो असे काही चारचौघांत दाखवण्याजोगे असते, याच्यापाशी दोन टप्प्यांचा ऑप-अ‍ॅम्प. विषयांच्या याद्या मागाल तितक्या मिळतात आणि त्या सगळ्या एकमेकींच्या बहिणी शोभतात : मिलर पद्धतीने स्थिर केलेला ऑप-अ‍ॅम्प, तापमानाने न ढळणारा बँडगॅप संदर्भ, व्होल्टेज रेग्युलेटर, एकेक बिट अजमावत जाणारा अ‍ॅनालॉग-डिजिटल परिवर्तक, फेज-लॉक्ड लूप. यांतला एकही विषय नवा नाही. रॉबर्ट विडलर यांनी बँडगॅप संदर्भाची चिप १९७१ च्या सुमारास बाजारात आणली. आज यादीत दिसणाऱ्या परिवर्तकाची बीजे १९७५ सालची आहेत.

विषय जुने असण्यात काही वावगे आहे, असे मला वाटत नाही. गवयाला यमन जुना वाटत नाही, तसेच हे. पण या शाखेचा इतिहास चाळताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते : विषयांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई होती ती चिप घडवण्याआधी तिची परीक्षा पाहण्याच्या साधनाची, ती घडवून देणाऱ्या कारखान्याची आणि घडून आलेली चिप चुकली तर ती चूक शांतपणे मोजत बसण्याच्या सवडीची. यांतले पहिले साधन विद्यार्थ्यांच्याच एका वर्गातून निघाले. दुसऱ्याची वाटही एका अभ्यासक्रमाने मोकळी केली. तिसरे अजून नीटसे हाती आलेले नाही.

१९६० च्या दशकात अ‍ॅनालॉग चिपचे आरेखन पेन्सिल, स्लाइडरूल आणि फळी यांवर चाले. फळी म्हणजे ब्रेडबोर्ड. चिपमध्ये जे ट्रान्झिस्टर असणार, त्याच प्रक्रियेने बनवलेले सुटे ट्रान्झिस्टर फळीवर जोडायचे, तारा ओढायच्या आणि मंडल अपेक्षेप्रमाणे वागते का ते पाहायचे. विडलर यांनी फेअरचाइल्ड कंपनीत १९६५ साली आणलेला ७०९ हा ऑप-अ‍ॅम्प याच काळातला. ही पद्धत वरवर ठीक दिसते, पण तिच्यात एक मूलभूत खोट होती. १९६८ साली त्याच कंपनीत डेव्हिड फुलागर यांनी ७४१ तयार केला, त्यात मंडलाला स्थिर ठेवण्यासाठी चिपवरच एक धारित्र बसवले होते, सुमारे ३० पिकोफॅरडचे. फळीवरच्या तारा आणि सांधे स्वतःच प्रत्येकी दोन-चार पिकोफॅरड धारिता घेऊन येतात. म्हणजे ज्या सूक्ष्म राशीवर मंडलाचे स्थैर्य अवलंबून, त्याच राशीत फळी आपले माप मिसळणार. फळीवर शहाण्यासारखे वागणारे मंडल सिलिकॉनवर थरथरू लागे किंवा नेमके उलट होई. कंपनीला अशी एखादी चूक परवडे; पुन्हा मास्क काढता येत. विद्यार्थ्याला तर पहिलीही चिप मिळत नव्हती.

ही अडचण ज्यांना सर्वांत आधी जाणवली, त्यांत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डोनाल्ड पेडरसन यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. बेल प्रयोगशाळेतला अनुभव गाठीशी घेऊन ते १९५५ मध्ये बर्कलीला आले. किल्बी यांची पहिली चिप १९५८ ची, नॉइस यांची १९५९ ची; त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, पेडरसन यांनी विद्यापीठात चिप बनवण्याची प्रयोगशाळा उभी करण्याचे मनावर घेतले. विद्यापीठाने असल्या फंदात पडू नये, हे काम कंपन्यांचे, असे म्हणणारे सहकारी अर्थातच होते. पेडरसन यांचा युक्तिवाद साधा होता : मंडले यापुढे सिलिकॉनच्या तुकड्यावर घडणार असतील, तर सुट्या भागांवर शिकलेला विद्यार्थी पदवी घेताक्षणीच शिळा ठरेल. प्रयोगशाळा उभी राहिली. विद्यापीठाच्या आवारात चिप घडू लागल्या आणि त्याबरोबर एक नवी गरजही उभी राहिली. फळीने खोटे सांगायचे ठरवलेच आहे, तर खरे कोण सांगणार? हे काम गणकयंत्रावरच सोपवावे लागणार होते.

१९६९-७० या शैक्षणिक वर्षात रोनाल्ड रोहरर या तरुण प्राध्यापकाने बर्कलीत एक वर्ग घेतला. मंडलांचे गणकयंत्राद्वारे विश्लेषण हा त्याचा विषय होता. वर्गात मोजकेच विद्यार्थी, त्यांत लॉरेन्स नेगल हा एक. रोहरर यांनी त्यांना सांगितले की परीक्षा वगैरे नाही. सर्वांनी मिळून मंडलांचे वर्तन वर्तवणारी एक आज्ञावली लिहायची, आणि तिचा निवाडा वर्गाबाहेरचा माणूस करील. हा माणूस म्हणजे पेडरसन. त्यांना ती पसंत पडली तर सगळे उत्तीर्ण. हा किस्सा नेगल यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. परीक्षकाला स्वतःच्या रोजच्या कामासाठी ती आज्ञावली हवी होती. त्यामुळे 'प्रकल्प चांगला झाला आहे' असे पाठ थोपटून सांगण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती. उपयोगी पडली तर पडली. आपल्याकडच्या तोंडी परीक्षा आठवल्या की या अटीचे मोल कळते.

त्या वर्गातून निघालेल्या आज्ञावलीचे नाव 'कॅन्सर'. कॉम्प्युटर अ‍ॅनालिसिस ऑफ नॉनलिनिअर सर्किट्स, एक्स्क्लुडिंग रेडिएशन, याची ती आद्याक्षरे. शेवटच्या दोन शब्दांत खोच आहे. त्या काळी अमेरिकेत अशा आज्ञावल्यांना पैसा मुख्यतः संरक्षण खात्याकडून येई आणि अण्वस्त्रांच्या किरणोत्साराच्या माऱ्यात मंडल टिकेल का, हे सांगणे त्यांचे एक काम असे. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बर्कलीचे रस्ते पेटले होते. पीपल्स पार्कचा संघर्ष १९६९ च्या मे महिन्यातला. अशा वातावरणात विद्यार्थ्यांनी आज्ञावलीच्या नावातच 'किरणोत्सार वगळून' असे लिहून टाकले. नाव अभद्र होते, यात शंका नाही. पण तरुणांच्या थट्टेत पुष्कळदा एक स्पष्ट भूमिका दडलेली असते.

ही आज्ञावली करते काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मंडलातील प्रत्येक सांध्याशी येणारे आणि जाणारे विद्युत्प्रवाह जुळले पाहिजेत, हा किर्खोफ यांचा नियम. प्रत्येक सांध्यासाठी एक समीकरण, म्हणजे शंभर सांध्यांची शंभर समीकरणे. ती सरळ रेषेची असती तर शाळकरी बीजगणित पुरले असते. पण ट्रान्झिस्टर सरळ वागत नाही. त्याच्या तळाशी असलेल्या संधीवरचे व्होल्टेज अवघ्या ६० मिलिव्होल्टने वाढवले की प्रवाह दसपट होतो. म्हणून न्यूटनची जुनी युक्ती वापरावी लागते. उत्तराचा एक अंदाज करायचा, वक्राच्या जागी त्या बिंदूवरची स्पर्शरेषा घ्यायची, समीकरणे सोडवायची, मिळालेल्या उत्तरावर पुन्हा स्पर्शरेषा काढायची. अंदाज जरा जास्त चुकला तर तो घातांकी वक्र उत्तराला कुठल्या कुठे भिरकावून देतो, म्हणून प्रत्येक पावलाला लगाम घालावा लागतो. शिवाय प्रत्येक सांधा बाकीच्यांपैकी दोघा-तिघांनाच जोडलेला असल्याने समीकरणांच्या कोष्टकात बहुतेक शून्येच असतात. ती साठवत आणि गुणत बसायचे नाही, हेही त्या मुलांनी काळजीपूर्वक साधले होते. अ‍ॅनालॉग आरेखकाला विशेष प्रिय असलेली गोष्ट म्हणजे गोंगाटाचा हिशेब. मंडलातल्या असंख्य सूक्ष्म गोंगाटांचा एकूण परिणाम स्वस्तात कसा काढावा, याची रीत रोहरर, नेगल आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. 'कॅन्सर'वरचा निबंधही त्याच वर्षीचा.

पुढे रोहरर बर्कली सोडून गेले आणि नेगल पेडरसन यांच्या हाताखाली आले. येथे या कथेतला निर्णायक क्षण येतो, आणि तो अभियांत्रिकीतला नसून नीतीतला आहे. पेडरसन यांनी अट घातली की ज्याच्यावर कोणाची मालकी आहे असा भाग आज्ञावलीत असता कामा नये. ती नव्याने लिहावी आणि जो मागेल त्याला द्यावी. अशी लिहिलेली आज्ञावली म्हणजे 'स्पाइस'. १९७३ च्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या वॉटर्लू येथील परिषदेत ती मांडली गेली. दुसरी आवृत्ती हा नेगल यांचा १९७५ चा प्रबंध. चुंबकीय फितीचा खर्च पाठवला की स्पाइस मिळे. ज्यांनी ती नेली त्यांनी सुधारणा केल्या तर त्या परत कळवाव्यात, एवढीच अपेक्षा होती. 'मुक्तस्रोत' हा शब्द रूढ होण्याच्या दोन दशके आधीची ही गोष्ट.

तिच्या प्रसाराचे मोठे वाहक होते ते विद्यार्थीच. बर्कलीहून बाहेर पडणारा प्रत्येक जण नव्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात स्पाइसची फीत मागे. व्यापारी वंशजांची नामावळी मोठी आहे, ती येथे देत बसत नाही. वैयक्तिक संगणकावर उतरलेली १९८४ ची पीस्पाइस आणि पुढे फुकट मिळू लागलेली एलटीस्पाइस एवढी दोन नावे आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या ओळखीची असतील. पेडरसन यांना १९९८ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचे, आयट्रिपलईचे, सर्वोच्च पदक मिळाले ते स्पाइससाठीच. आजही कोणत्याही स्पाइसची पहिली ओळ हे शीर्षक समजले जाते. नवखा विद्यार्थी पहिल्याच ओळीत एखादा रोध लिहितो आणि तो मंडलातून नाहीसा का झाला म्हणून तासभर डोके खाजवतो. कारण इतकेच की १९७० मध्ये छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यातले पहिले कार्ड नावाचे असे. विद्यार्थ्यांच्या त्या गठ्ठ्याची खूण अशी पन्नासहून अधिक वर्षे टिकून आहे.

हाती स्पाइस आणि आवारात प्रयोगशाळा, अशी जोड मिळाल्यावर विद्यार्थी काय करू शकतो, याचे उत्तम उदाहरण त्याच बर्कलीत दोन वर्षांत दिसले. त्या काळची समजूत अशी होती की मॉस ट्रान्झिस्टर डिजिटल कामापुरता ठीक; अ‍ॅनालॉगसाठी तो फार गोंगाटी आणि बेभरवशाचा. पॉल ग्रे यांचा विद्यार्थी जेम्स मक्क्रीरी याने प्रश्नच फिरवून मांडला. ट्रान्झिस्टर बेभरवशाचा असेल, पण त्याच चिपवरची दोन धारित्रे एकमेकांशी फार छान जुळतात. मग मोजमाप धारित्रांवर सोपवावे आणि ट्रान्झिस्टरला फक्त उघडझाप करणारी खिटी म्हणून वापरावे. एक, दोन, चार, आठ अशा पटींतली धारित्रे घ्यायची, त्यांच्यावर विद्युतभार साठवायचा आणि तराजूत वजने टाकावीत तशी एकेक धारित्र फिरवत व्होल्टेज तोलायचे. दहा बिटांचा हा परिवर्तक १९७५ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. आज मायक्रोकंट्रोलरमध्ये जो परिवर्तक बसलेला असतो, तो बहुधा याच घराण्यातला. विद्यार्थी-प्रकल्पांच्या याद्यांतही तो असतोच. फक्त तो मुळात एका विद्यार्थ्याचाच प्रकल्प होता, हे तेथे कोणी सांगत नाही.

पण बर्कलीसारखी प्रयोगशाळा किती विद्यापीठांना परवडणार? या प्रश्नाचे उत्तर पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून आले. कार्व्हर मीड हे कॅलटेकमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विद्यार्थ्यांकडून चिप आखून घेत होते. झेरॉक्समधल्या लिन कॉनवे यांनी त्यांच्यासह आरेखनाचे नियम इतके सोपे करून मांडले की कारखान्याचे पोट न पाहिलेल्यालाही चिप आखता यावी. १९७८ च्या शरद सत्रात कॉनवे यांनी एमआयटीत अभ्यासक्रम शिकवला, विद्यार्थ्यांनी चिप आखल्या, सर्वांच्या आकृत्या एकत्र करून ह्युलेट-पॅकार्डकडे घडवून घेतल्या आणि काही आठवड्यांत त्या विद्यार्थ्यांच्या हातांत आल्या. पुढच्या वर्षी डझनभर विद्यापीठांनी भाग घेतला. ८२ आराखडे जमले. मुदत संपल्यापासून २९ दिवसांत चिप तयार होत्या.

हे जमले कसे? तर गावातला कुंभार जसा एकाच आव्यात सगळ्यांची मडकी भाजून काढतो, तसे. मास्क आणि तबकडी यांचा खर्च जबर. पण एका तबकडीवर पन्नास जणांचे लहान लहान तुकडे मावतात आणि खर्चाचेही पन्नास वाटे होतात. १९८१ च्या जानेवारीपासून 'मोसिस' या संस्थेने हाच सामायिक आवा कायमचा सुरू केला. इंग्रजीत अशा फेरीला 'शटल' म्हणतात. आपण तिला शेवटची एसटी म्हणू : ठरल्या वेळेला निघते, तुमची तयारी झालेली असो वा नसो.

मीड-कॉनवे नियमांचा फायदा मुख्यतः डिजिटलला झाला, हे मात्र सांगितले पाहिजे. डिजिटल मंडलात आकार निम्मा केला तरी शून्य शून्यच राहते. अ‍ॅनालॉगमध्ये आकार बदलला की मंडलच बदलते. तेव्हा अ‍ॅनालॉगच्या विद्यार्थ्याला नियमांतून फारसे मिळाले नाही, मिळाली ती त्या एसटीतली जागा. आणि त्या जागेचा सर्वांत विलक्षण उपयोग जिने केला ती विद्यार्थिनी मुळात जीवशास्त्राची होती.

मिशा माहोवाल्ड, जन्म १९६३. कॅलटेकमध्ये जीवशास्त्र शिकून ती मीड यांच्या प्रयोगशाळेत आली. मीड त्या सुमारास अशा ट्रान्झिस्टरांशी खेळत होते जे जवळजवळ बंदच आहेत, ज्यांतून काही नॅनोअ‍ॅम्पिअर तेवढे झिरपतात. या अवस्थेत प्रवाह व्होल्टेजच्या घातांकाने बदलतो, आणि जीवशास्त्राची वाट चालून आलेल्या माहोवाल्डला त्यात चेतापेशींची ओळखीची खूण दिसली. तिने डोळ्यातल्या दृष्टिपटलाची रचना सिलिकॉनवर मांडली : प्रत्येक ठिकाणी एक प्रकाशसंवेदी घटक, त्यांना जोडणारे रोधांचे जाळे जे आसपासच्या उजेडाची सरासरी काढते, आणि घटकाचे माप वजा ती सरासरी एवढेच बाहेर पाठवणारे मंडल. डोळा जसा उजेडाकडे दुर्लक्ष करून उजेडातला फरक पाहतो, तशी ही चिप. मीड आणि माहोवाल्ड यांचा त्यावरचा निबंध १९८८ चा. 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये १९९१ साली ती सर्वसामान्यांसमोर आली. माहोवाल्ड १९९६ मध्ये अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी गेली. पण दृश्यातला बदल तेवढा टिपणारे आजचे कॅमेरे तिच्या कामाचे वारस आहेत. कोणत्या यादीतून तिने हा विषय घेतला असता?

या चिपने एक कटू धडाही दिला. शेजारशेजारच्या, आकृतीत तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या ट्रान्झिस्टरांत फरक असतो, आणि सारख्या उजेडातही प्रतिमेवर एक न पुसणारा ठिपक्यांचा नमुना उमटतो. या फरकाचा हिशेब फिलिप्सच्या मार्सेल पेल्ग्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडला : तो ट्रान्झिस्टरच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे फरक निम्मा करायचा तर क्षेत्रफळ चौपट हवे. सूक्ष्मतेचा डंका पिटणाऱ्या उद्योगात अ‍ॅनालॉग आरेखक मोठेच ट्रान्झिस्टर का काढत बसतो, याचे हे उत्तर आहे.

स्पाइस ही गोष्ट आपणहून सांगत नाही. आकृतीत दोन ट्रान्झिस्टर सारखे काढले की तिच्या लेखी ते जुळेच असतात. फरक धरायला तिला मुद्दाम सांगावे लागते, आणि तो किती धरावा हे कोणीतरी खऱ्या चिपा मोजून आधी ठरवलेले असावे लागते. नॅशनल सेमिकंडक्टरचे बॉब पीझ हयातभर स्पाइसवर तोंडसुख घेत राहिले, ते केवळ म्हातारपणाच्या हट्टापायी नव्हे. बँडगॅप संदर्भाचेच पाहा. ट्रान्झिस्टरच्या संधीवरचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटते. निरनिराळ्या घनतेने प्रवाह वाहणाऱ्या दोन संधींतला फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. दोहोंची योग्य मोट बांधली की सुमारे १.२ व्होल्टचे न ढळणारे व्होल्टेज मिळते. पडद्यावर ही बेरीज विद्यार्थ्याला एका दुपारी जमते. प्रत्यक्षात त्या दोन संधींतला फरक ५० मिलिव्होल्टच्या आसपास असतो, आणि ऑप-अ‍ॅम्पच्या दोन पायांत चार-पाच मिलिव्होल्टची तफावत असली की ती त्याच फरकात मिसळते आणि त्याच्याबरोबर पटीने वाढते. म्हणून कसलेले आरेखक आठास एक असे प्रमाण घेतात आणि तीन बाय तीनच्या चौकटीत मधला ट्रान्झिस्टर एका बाजूचा, भोवतालचे आठ दुसऱ्या बाजूचे असे बसवतात, की चिपवर आडवा-उभा जो काही उतार असेल तो दोहोंना सारखाच लागावा. ही चौकट का, हे पुस्तकात वाचून पाठ होते. हाती आलेल्या दहा चिपा दहा वेगवेगळी व्होल्टेज दाखवू लागल्या की समजते.

आपल्या देशात ही दहा चिपांची चैन फार काळ नव्हती. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली उत्पादन सुरू झाले आणि १९८९ च्या फेब्रुवारीत आगीने त्याचा घास घेतला. पुढची अनेक वर्षे बहुसंख्य महाविद्यालयांतला प्रकल्प म्हणजे पडद्यावरची तरंगाकृती, तिची रंगीत प्रत आणि काळ्या बांधणीतला अहवाल. त्या विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. परवान्याच्या आज्ञावलीची किंमत लाखांत, आणि फाउंड्रीच्या ट्रान्झिस्टरांची माहिती गोपनीयतेच्या कराराखाली. विद्यार्थ्याने आपला आराखडा मित्राला दाखवणेही नियमबाह्य. पेडरसन यांनी मोकळी केलेली गोष्ट उद्योगाने पुन्हा कुलपात घातली होती.

ती कुलपे अलीकडे थोडी सैल झाली आहेत. पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने 'ई-सिम' हे मोफत साधन तयार केले, त्याच्या पोटात एनजीस्पाइस आहे, म्हणजे बर्कलीच्याच वंशवेलीतली स्पाइस. महाराष्ट्रातल्या आडगावच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही ते उतरवून घेऊ शकतो. २०२० साली गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर प्रक्रियेची सगळी माहिती कोणत्याही कराराविना जाहीर केली. 'इफॅबलेस' या कंपनीमार्फत काही फेऱ्यांत निवडक आराखडे फुकट घडवूनही मिळाले. भारत सरकारच्या २०२२ पासूनच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेत विद्यार्थ्यांचे आराखडे मोहालीतच १८० नॅनोमीटरवर घडू लागले. अ‍ॅनालॉगला १८० आणि १३० ही मापे मुळीच मागासलेली नाहीत, हे वरच्या क्षेत्रफळाच्या नियमावरून वाचकांच्या लक्षात येईलच.

तरी कुंभार एकच असला की काय होते, हेही दिसले. २०२५ च्या मार्चमध्ये इफॅबलेस अचानक बंद पडली. तेव्हा काही विद्यार्थ्यांचे आराखडे वाटेतच होते. मॅट व्हेन यांनी २०२२ मध्ये सुरू केलेला 'टायनी टेपआउट' हा उपक्रम, ज्यात इवलासा तुकडा विकत घेऊन आपले मंडल बसवता येते आणि ज्यात पुढे अ‍ॅनालॉगलाही जागा मिळाली, त्याला दुसरा आवा शोधावा लागला. तो जर्मनीतल्या आयएचपी या संस्थेत मिळाला. तिनेही आपली १३० नॅनोमीटरची प्रक्रिया खुली केलेली आहे.

राहिला प्रश्न सवडीचा. १९७९ मध्ये २९ दिवसांत चिप परत येत होत्या. आजच्या सामायिक फेऱ्यांना बहुधा कित्येक महिने लागतात, आणि सत्र असते चार-साडेचार महिन्यांचे. म्हणजे चिप टपालाने येते तेव्हा तिचा कर्ता पदवी घेऊन पुण्या-बंगळुरूच्या एखाद्या कंपनीत रुजू झालेला असतो, आणि त्याच्या बँडगॅपचे व्होल्टेज १.२ आले की १.१, हे पाहायला प्रयोगशाळेत कोणी नसते. गुण तर केव्हाच दिलेले असतात. यावर निदान एक उपाय तरी कोणत्याही अनुदानाविना करता येण्याजोगा आहे : एका तुकडीने आखलेल्या चिपा पुढच्या तुकडीने मोजाव्यात, आणि त्या मोजमापाला नव्या आराखड्याइतकेच गुण असावेत. ज्याला दुसऱ्याच्या चिपमधली तफावत तीन दिवस शोधावी लागली आहे, तो आपली नऊ ट्रान्झिस्टरांची चौकट मांडताना आठवा कुठे बसवायचा हे कोणाला विचारणार नाही.